अंध विद्यार्थ्यांना एकट्याने वापरता येईल असा ऑनलाइन अभ्यासाचा प्लॅटफॉर्म: नक्की काय काय लागतं?

बोलकी_पाटी

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून एक ऑनलाइन कोर्सचा प्लॅटफॉर्म नव्याने बांधतोय, व्हिडिओ, नोट्स, सराव चाचण्या, शंका विचारायची जागा असं सगळं त्यात असेल. डिझाइन अजून कागदावरच आहे म्हणून आत्ताच विचारतेय. अंध विद्यार्थी पहिल्या दिवसापासून हे वापरू शकले पाहिजेत हे टीममध्ये सगळ्यांना मान्य आहे, पण कसं यावर दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं पानावर 'वाचून दाखवा' असं बटण दिलं की काम झालं. दुसरे म्हणतात अंध मुलांसाठी वेगळी साधी आवृत्ती करू, नुसता मजकूर, चित्रं वगैरे काही नाही. मला दोन्ही पटत नाहीये पण मीटिंगमध्ये ठामपणे सांगायला माझ्याकडे मुद्दे कमी पडतात. डब्ल्यूसीएजी (अपंगांना वेबसाइट वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) वाचलंय, निकष कळले, पण रोज वापरणाऱ्याला काय अडतं ते त्यातून तेवढं कळत नाही. जे स्वतः स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात किंवा ज्यांनी असं काही बांधलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मोठे प्रतिसाद चालतील.

टॅबवाला

मी अंध आहे, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरतो, बरेच ऑनलाइन कोर्स केलेत, काही पूर्ण झाले, काही प्लॅटफॉर्ममुळे अर्धवट सुटले. तुमच्या दोन्ही तटांना उत्तर देतो.

'वाचून दाखवा' बटण आमच्यासाठी नसतंच. ते बटण शोधून दाबायला मला आधी स्क्रीन रीडर लागणारच ना, आणि तो एकदा चालू असला की मजकूर तोच वाचतो, माझ्या ओळखीच्या आवाजात आणि मला हव्या त्या वेगात. अडतं ते मजकुराच्या आजूबाजूला, म्हणजे लॉगिन, मेनू, धडा बदलणं, व्हिडिओ थांबवणं, उत्तर निवडणं, चूक झाली तर कुठे झाली ते कळणं, यातलं काहीच ते बटण करत नाही. याचं जुनं उदाहरण आहे. २००९ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने किंडल डीएक्स या ई-पुस्तकांच्या यंत्रावर पाठ्यपुस्तकं द्यायचा प्रयोग केला. ते यंत्र पुस्तक मोठ्याने वाचायचं, पण त्याचे मेनू बोलायचे नाहीत, म्हणजे पुस्तक उघडण्यासाठीच डोळस माणूस हवा. अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. इतकी वर्षं झाली तरी 'आवाज दिला की झालं' हा समज तसाच आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेगळी आवृत्ती तर अजिबात नको. ती सुरुवातीला छान असते, मग मुख्य साइटवर नवा धडा येतो, नवी चाचणी येते, आणि साध्या आवृत्तीत ते नंतर टाकू म्हणून राहून जातं. शिवाय शंका-चर्चा सगळी मुख्य साइटवर, तिथे वर्गातली मुलं एकमेकांना उत्तरं देतायत आणि मी वेगळ्या खोलीत एकटा. शिकणं म्हणजे नुसता मजकूर मिळणं नव्हे हो.

आता आम्ही पान कसं वाचतो ते सांगतो, कारण डोळस डिझाइनरला हे माहीत नसलं की पुढचं सगळं चुकतं. आम्ही पान वरून खाली सगळं ऐकत बसत नाही. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की पुढचं हेडिंग, बी दाबला की पुढचं बटण, टी दाबला की टेबल, एफ दाबला की फॉर्मची पुढची जागा, आणि १ ते ६ आकड्यांनी त्या त्या पातळीचं हेडिंग. म्हणजे पानाचा सांगाडा मी हेडिंगांवरून ओळखतो. तुमचा धडा दिसायला कितीही सुंदर असू दे, 'प्रकरण २' हे नुसतं ठळक मोठ्या अक्षरात लिहिलं असेल आणि कोडमध्ये हेडिंग नसेल तर माझ्यासाठी ते प्रकरण सुरूच होत नाही, सगळा सलग मजकूर. आणि लिंकांची यादी काढली तर त्यात 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा' असं आलं तर कुठली कशाची ते कसं कळणार, त्यामुळे लिंकमध्येच धड्याचं नाव हवं.

तुमच्या टीमला एकच कसोटी सांगा. अंध विद्यार्थी कुणालाही हाक न मारता नोंदणी करून, धडा ऐकून, चाचणी देऊन, निकाल बघू शकतो का, आणि बाकीच्यांइतक्याच वेळात? या प्रश्नाचं उत्तर हो असेल तरच तो प्लॅटफॉर्म अॅक्सेसिबल, म्हणजे सगळ्यांना वापरता येणारा.

कोडकरी

टॅबवाला यांना पूर्ण अनुमोदन. कोडच्या बाजूने थोडं लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ब्राउझरने जे आयतं दिलंय ते वापरा. बटण हवंय तर खरा बटण टॅग, लिंक हवी तर लिंक, रेडिओ बटणं हवीत तर रेडिओ बटणंच. डिव्हला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या रिकाम्या चौकटीला, रंग देऊन आणि क्लिक लावून जे बटण बनवतात त्याला टॅबची कळ पोचत नाही, एंटर दाबून चालत नाही आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे माहीतच नसतं. मग वरून आरियाचे रोल (हा भाग काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी कोडमधली लेबलं) चिकटवत बसतात आणि ते अर्धवट राहतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या मार्गदर्शनातच लिहिलंय की चुकीच्या आरियापेक्षा आरिया नसलेला बरा, कारण आरिया फक्त सांगतो, करत काही नाही. 'मी बटण आहे' असं सांगितलं आणि एंटर दाबल्यावर काहीच झालं नाही तर ते न सांगण्यापेक्षा वाईट.

दुसरं, आजकाल सगळे प्लॅटफॉर्म एकाच पानावर आतला मजकूर बदलतात, पूर्ण पान लोड होत नाही. डोळस माणसाला दिसतं की 'पुढचा धडा' दाबल्यावर नवा धडा आला. स्क्रीन रीडरवर शांतता. फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता पानावर जिथे आहे ती जागा, त्या जुन्या बटणावरच, किंवा ते बटणच गायब झालं तर फोकस पानाच्या सुरुवातीला फेकला जातो, म्हणजे वाचता वाचता कुणीतरी हातातलं पुस्तक घेऊन पहिल्या पानावर उघडून परत दिल्यासारखं. उपाय कठीण नाहीये: धडा बदलला की पानाचं शीर्षक बदला आणि फोकस नव्या धड्याच्या मुख्य हेडिंगवर न्या. पॉपअप उघडला की फोकस त्याच्या आत, एस्केपने बंद, आणि बंद झाल्यावर जिथून उघडला त्याच बटणावर परत. कोपऱ्यात दोन सेकंद 'उत्तर सेव्ह झालं' असं चमकून जातं ना, तेही स्टेटस म्हणून जाहीर व्हायला हवं, नाहीतर मुलाला कळतच नाही की सेव्ह झालं की नाही आणि तो पुन्हा पुन्हा दाबत बसतो. डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये यासाठी वेगळा निकष आहे.

आणि ऑटोमॅटिक तपासणीची टूल्स जरूर चालवा पण त्यांच्या हिरव्या टिकमार्कवर विसंबू नका. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं चित्राचं वर्णन, आहे की नाही हे टूल सांगतं, ते बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. चित्राला 'इमेज ०३' असं नाव दिलं तरी टूल खूश होऊ शकतं. वेबएम संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुख्य पानं अशा टूलने तपासते, त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पानांवर दोष सापडतात, आणि ते फक्त मशीनला दिसणारे दोष.

मोठीअक्षरं

वाचतेय, छान धागा. एक विसरू नका, सगळे पूर्ण अंध नसतात. माझी दृष्टी अगदी कमी आहे, मी स्क्रीन चारपट मोठी करून वाचते आणि थकले की मग आवाज लावते. मोठं केल्यावर मजकूर खालच्या ओळीत वळला पाहिजे, नाहीतर प्रत्येक ओळ वाचायला उजवीकडे-डावीकडे सरकवत बसायचं, दोन परिच्छेदांत डोकं दुखतं. ४०० टक्के झूमला पान एकाच दिशेने सरकलं पाहिजे असा निकष आहेच. करड्यावर फिकट करडी अक्षरं नकोत, साध्या अक्षरांना मागच्या रंगाशी किमान ४.५ : १ काँट्रास्ट हवा. आणि 'लाल रंगातली उत्तरं चूक' असं नुसतं रंगाने सांगू नका, शब्दात 'चूक' लिहा. फोकस कुठे आहे ती चौकट ठसठशीत ठेवा, बरेच डिझाइनर ती 'दिसायला वाईट' म्हणून काढून टाकतात आणि मग मी पानावर हरवते.

बोलकी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, किंडलचं उदाहरण मीटिंगमध्ये सांगणारच. आता माझी सर्वात मोठी काळजी, गणित आणि विज्ञान. आमच्या नोट्समध्ये समीकरणं, आलेख, आकृत्या भरपूर. सध्या समीकरणं चित्र म्हणून टाकायचा विचार होता. त्याला ऑल्ट टेक्स्ट लिहिलं तर चालेल का?

सहाबिंदू

नाही चालणार, आणि का नाही ते नीट सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं गणित सोडतात. मी स्वतः अंध आहे, गणितात पदवी केलीये, ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र) आणि आवाज दोन्ही वापरते.

समजा ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहिलं 'एक्स अधिक एक भागिले दोन'. आता सांगा, एक्स अधिक एक हे सगळं दोनने भागलंय, की फक्त एकाला दोनने भागून ते एक्समध्ये मिळवलंय? ऐकून कळणारच नाही. एक्स ३ असेल तर पहिल्याचं उत्तर २, दुसऱ्याचं साडेतीन. डोळस मुलाला अपूर्णांकाची आडवी रेघ दिसते, ती कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं, आम्हाला ती रेघ शब्दात किंवा ब्रेलमध्ये मिळाली पाहिजे. आणि हे तर अगदी छोटं समीकरण झालं, वर्गमुळाच्या आत अपूर्णांक आणि त्याच्या घातात अजून काही असं आलं की साध्या ऑल्ट टेक्स्टने गोंधळच होतो.

यासाठी मॅथएमएल ही वेबवर गणित लिहायची भाषा आहे, १९९८ पासून आहे. त्यात समीकरणाची रचनाच लिहिलेली असते, अंश हा, छेद हा, घात हा. एनव्हीडीएला मॅथकॅट हे गणित बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर जोडलं की ते 'अपूर्णांक सुरू, अंश, छेद, अपूर्णांक संपला' अशा पद्धतीचं बोलतं, शिवाय मी बाणांच्या कळांनी समीकरणाच्या आत शिरते, फक्त अंश ऐकते, मग छेद, मग परत सगळं. हे आत शिरणं फार महत्त्वाचं आहे, लांबलचक समीकरण एकदा ऐकून कुणाच्याच लक्षात राहत नाही, डोळस मुलगा तरी पाच वेळा मागे बघतोच की. आणि तेच मॅथएमएल ब्रेल डिस्प्लेवर नेमेथ कोडमध्येही येतं. नेमेथ कोड म्हणजे गणिताचं ब्रेल, अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने बनवलेलं, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रोम ब्राउझरने जानेवारी २०२३ मध्ये आवृत्ती १०९ पासून मॅथएमएल पुन्हा दाखवायला सुरुवात केलीये, त्यामुळे 'ब्राउझर दाखवत नाही' ही सबब आता राहिली नाही. तुमचे शिक्षक लाटेकमध्ये (समीकरणं साध्या अक्षरांत टाइप करायची पद्धत) लिहीत असतील तर पानावर समीकरणं दाखवणारं मॅथजॅक्स वापरा, ते दिसायलाही नीट दाखवतं आणि स्क्रीन रीडरलाही देतं.

आणखी एक, जे सगळे विसरतात. मुलांना गणित वाचायचं नसतं फक्त, लिहायचंही असतं. उत्तराच्या जागी माउसने चिन्हं उचलून ठेवायचा फॉर्म्युला एडिटर दिला तर मी उत्तर माहीत असूनही लिहू शकत नाही. साध्या अक्षरांत टाइप करायची सोय ठेवा आणि टाइप केलेलं लगेच परत ऐकता येऊ द्या. मला असे कोर्स माहीत आहेत जिथे वाचायची सोय उत्तम होती आणि उत्तर द्यायची जागा पूर्ण बंद, तेव्हा जो राग येतो तो शब्दात सांगता येत नाही.

शिकवणारी_ताई

मी गणित-विज्ञान शिकवते, माझ्या ऑनलाइन वर्गात अंध मुलं आहेत म्हणून आलेखांबद्दल लिहिते.

आलेखाचं वर्णन लिहिताना आधी ठरवायचं, हा आलेख इथे कशासाठी आहे. धड्यात समजावण्यासाठी असेल तर सगळं सांगा. उदाहरणार्थ वाय बरोबर एक्स वर्ग उणे ४ चा आलेख: वर उघडणारा पॅराबोला, वाय-अक्षाभोवती सममित, एक्स-अक्षाला उणे २ आणि २ ला छेदतो, सर्वात खालचा बिंदू शून्य, उणे ४. एवढ्याने मुलाच्या डोक्यात आकार उभा राहतो. 'पॅराबोलाचा आलेख' एवढंच लिहिलं तर काहीच सांगितलं नाही.

पण तोच आलेख चाचणीत असेल आणि प्रश्न असेल 'सर्वात खालचा बिंदू कोणता', तर वरचं वर्णन दिलं की उत्तरच दिलं! तिथे मी बिंदूंचं टेबल देते. एक्स उणे ३ ला वाय ५, उणे २ ला शून्य, उणे १ ला उणे ३, शून्याला उणे ४, मग १ ला उणे ३, २ ला शून्य, ३ ला ५. मुलाला तेवढंच शोधावं लागतं जेवढं डोळस मुलाला आलेख बघून शोधावं लागतं. हा विचार शिक्षकानेच करायचा असतो, डेव्हलपरला किंवा एखाद्या एआयला प्रश्नाचा हेतू काय ते कळत नाही. त्यामुळे बोलकी_पाटी, तुमच्या प्लॅटफॉर्मवर शिक्षक चित्र टाकतो तिथेच वर्णनाची जागा ठेवा, आणि छोटं वर्णन, मोठं वर्णन, डेटा टेबल हे तिन्ही देता येऊ देत. टेबलाला मात्र ओळी-स्तंभांचे खरे शीर्षक-सेल हवेत, नाहीतर स्क्रीन रीडर नुसते आकडे वाचत सुटतो आणि कुठला आकडा कशाचा ते कळत नाही.

डेस्मॉसच्या आलेख कॅल्क्युलेटरमध्ये ऑडिओ ट्रेस आहे, आलेख वर जातो तसा सूर चढतो, खाली येतो तसा उतरतो. मुलं ते ऐकून आकार ओळखायला पटकन शिकतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाच्या काही सिम्युलेशनमध्येही आवाज आणि बदलतं वर्णन दिलंय, प्रयोग करताना काय घडतंय ते सांगितलं जातं. हे सगळं नव्याने बांधायची गरज नाही, जोडता येतं. पण भूमितीच्या आकृत्या, नकाशे, पेशीची रचना यासाठी शेवटी हाताला लागणारी उठावाची आकृती लागते, स्क्रीनवर सगळं होईल असं समजू नका. छापता येईल अशी फाइल धड्याबरोबर ठेवली तर शाळा ती उठावात छापून घेऊ शकते.

व्हिडिओचं तर मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. 'हे इथून इकडे आणलं, आणि याला याने भागलं' असं न म्हणता 'डावीकडचे ३ एक्स उजवीकडे नेले, चिन्ह बदललं, मग दोन्ही बाजूंना २ ने भागलं' असं म्हणायचं. फळ्यावर जे लिहाल ते लिहिता लिहिता बोला. असं बोललं की वेगळं ऑडिओ वर्णन जोडायची गरज बरीच कमी होते, आणि डोळस मुलंसुद्धा नोट्स लिहिताना वर न बघता ऐकू शकतात.

टॅबवाला

ताई, तुमच्यासारखे शिक्षक सगळ्यांना मिळोत. व्हिडिओवरून आठवलं, पान उघडल्याबरोबर व्हिडिओ आपोआप सुरू करू नका. स्क्रीन रीडरचा आवाज त्याखाली बुडतो आणि थांबवायचं बटण शोधायला तोच आवाज लागतो.

आणि लाइव्ह क्लास. शिक्षक स्क्रीन शेअर करतात ते आमच्यासाठी नुसतं चित्र, स्क्रीन रीडर त्यातलं एक अक्षर वाचू शकत नाही. स्लाइड आधी पाठवा, एवढं केलं तरी निम्मी अडचण संपते. चॅटमधला प्रत्येक मेसेज आपोआप बोलला जातो आणि शिक्षकाचं बोलणं झाकलं जातं, म्हणून चॅटची घोषणा बंद करायची सोय हवी, पाहिजे तेव्हा मी जाऊन वाचीन. आम्ही बरेच जण एका कानात वर्ग आणि एका कानात स्क्रीन रीडर असं ऐकतो, त्यामुळे विनाकारण येणारा प्रत्येक आवाज खरंच जड जातो.

दुसरीबाजू

एक प्रामाणिक शंका विचारतो. छोटी टीम, पैसा कमी, जुने व्हिडिओ शेकड्याने. सगळं एकदम अॅक्सेसिबल करायचं म्हटलं तर कोर्स सुरूच होणार नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण आहेच. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने त्यांना कळवलं की तुमचं मोफत ऑनलाइन साहित्य अपंगांना वापरता येत नाही, आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने २० हजारांहून जास्त व्हिडिओ-ऑडिओ सार्वजनिक ठिकाणाहून काढूनच टाकले. शेवटी कुणालाच काही मिळालं नाही. मग असा आग्रह धरून नुकसान होत नाही का?

सहाबिंदू

प्रश्न रास्त आहे, पण त्या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. २०२२ मध्ये बर्कलेने न्याय विभागाशी करार केला आणि ऑनलाइन साहित्य अॅक्सेसिबल करायचं मान्य केलं. म्हणजे करता येत होतंच. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मनेही २०१५ मध्ये असाच करार केला होता. आणि 'कुणालाच मिळालं नाही' म्हणताना आधी कुणाला मिळत नव्हतं याचाही विचार करा ना, ते व्हिडिओ होते तेव्हाही बहिऱ्या आणि अंध मुलांना बरेचसे मिळत नव्हतेच.

बर्कलेचं ओझं एवढं वाढलं कारण हजारो व्हिडिओ आधी बनले आणि विचार नंतर झाला. इथे बोलकी_पाटींचं डिझाइन अजून कागदावर आहे, ही केवढी चांगली वेळ आहे! नवीन जे बनेल ते पहिल्यापासून नीट बनवा, जुनं असेल तर जे धडे जास्त वापरले जातात ते आधी घ्या आणि बाकीच्यांसाठी मागितल्यावर ठरलेल्या मुदतीत करून देऊ असं लिहून ठेवा, आणि ती मुदत पाळा. मूल सत्राच्या मध्यात असताना मिळालेली नोट उपयोगाची, सत्र संपल्यावर नाही.

दुसरीबाजू

पटलं. जास्त वापराचे धडे आधी, हा मार्ग आमच्यासारख्यांनाही जमण्यासारखा आहे. धन्यवाद.

कोडकरी

चाचण्यांवर कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो, कारण धडा नाही समजला तर मुलगा दुसरीकडून वाचेल, चाचणीत अडला तर मार्क जातात.

घड्याळ: काही ठिकाणी उलट मोजणी लाइव्ह रिजन (बदलला की आपोआप बोलला जाणारा भाग) म्हणून लावलेली असते, म्हणजे दर सेकंदाला स्क्रीन रीडर बोलतो, प्रश्न वाचणंच अशक्य. शेवटची १० मिनिटं, ५ मिनिटं, १ मिनिट एवढंच जाहीर करा आणि मधे वेळ ऐकायला एक बटण द्या. जादा वेळ प्रत्येक विद्यार्थ्यागणिक सेट करता आला पाहिजे, आणि तो शिक्षकाने एकदा सेट केला की सगळ्या चाचण्यांना लागू झाला पाहिजे, दर वेळी मुलाने मेल करून मागायला नको. जोड्या लावा प्रकारात ओढून टाकायचं असतं, त्याला साध्या ड्रॉपडाउनचा पर्याय द्या. माउस धरून ओढण्याला पर्याय हवा हे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये ऑक्टोबर २०२३ पासून आहेच. त्यातच लॉगिनबद्दलही निकष आहे, वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा नको. आवाजाचा कॅप्चा दिला तरी ज्यांना ऐकूही येत नाही त्यांचं काय, ते ब्रेल डिस्प्लेवरच असतात.

परीक्षेवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर निवडताना तर फार जपा. काही सॉफ्टवेअर नजर स्क्रीनवरून हलली की संशयास्पद म्हणून नोंद करतात. अंध मुलाची नजर स्क्रीनवर असायचं कारणच काय! काही लॉक करणारे ब्राउझर बाकीचे प्रोग्राम बंद करताना स्क्रीन रीडरही बंद करतात. विकत घ्यायच्या आधी स्क्रीन रीडर लावून पूर्ण परीक्षा देऊन बघा, कंपनीच्या कागदावर 'अॅक्सेसिबल' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

टॅबवाला

परीक्षेचं लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं. माझ्या एका ऑनलाइन परीक्षेत 'सबमिट' बटणाला लेबलच नव्हतं, ते नुसतं 'बटण' म्हणून बोलायचं, आणि शेजारचं 'रद्द करा' पण 'बटण'च. कुठलं दाबायचं?

मोठीअक्षरं

बापरे. हे वाचून अंगावर काटा आला.

शिकवणारी_ताई

नोट्सबद्दल राहिलं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटो, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. आणि मराठी नोट्सचा वेगळा घोळ म्हणजे जुने युनिकोड नसलेले फॉन्ट. ते दिसतात देवनागरी पण आत साठवलेली असतात इंग्रजी कीबोर्डची अक्षरं, त्यामुळे स्क्रीन रीडर अगम्य काहीतरी बडबडतो. शिक्षकांना वाटतं फाइल तर टाइप केलेली आहे, मग का वाचत नाही. तर सगळं युनिकोडमध्ये. आणि शक्यतो पीडीएफ नकोच, वेबपानावरच नोट्स द्या किंवा ईपब या ई-पुस्तकांच्या फॉरमॅटमध्ये, त्यात हेडिंग, यादी, टेबल, मॅथएमएल सगळं नीट राहतं. पीडीएफच द्यायची असेल तर टॅग केलेली, म्हणजे हेडिंग, यादी वगैरे रचना आत नोंदवलेली.

कोडकरी

त्याला जोडून, पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी लिहा, आणि मध्ये इंग्रजी उतारा आला तर त्या तेवढ्या भागाची भाषा इंग्रजी. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर वाचायला जातो आणि बऱ्याचदा शब्दच गाळतो. ई-स्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या मोफत इंजिनमध्ये मराठी आहे आणि ते एनव्हीडीएसोबतच येतं, म्हणजे मुलाला विकत काही घ्यावं लागत नाही, फक्त तुमच्या पानाने भाषा बरोबर सांगायला हवी. एनव्हीडीए स्वतःच मोफत आहे, २००६ मध्ये मायकल करन या अंध तरुणाने सुरू केलेलं, त्यामुळे 'टेस्टिंगला सॉफ्टवेअर नाही' हे कारण कुणी देऊ नये.

बोलकी_पाटी

टेस्टिंगवरच विचारणार होते. आमच्या टीममधले डोळस लोक एनव्हीडीए लावून, मॉनिटर बंद करून तपासणार आहेत. पुरेसं आहे का?

सहाबिंदू

रोजच्या तपासणीला ते हवंच, पण पुरेसं नाही. डोळस माणसाला पान आधीच माहीत असतं, तो मनातल्या चित्रावर चालतो, शिवाय स्क्रीन रीडर वापरायची त्याला सवय नसते, मग जिथे पान बरोबर आहे तिथेही अडतो आणि जिथे चूक आहे तिथे अंदाजाने निघून जातो. अंध विद्यार्थ्यांना बोलवा, कागदावरच्या डिझाइनपासून बोलवा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्याकडून फुकट सल्ला घ्यायची सगळ्यांना सवय लागलीये. सगळे माझ्यासारखे सराईत नसतात, नुकताच स्क्रीन रीडर शिकलेला मुलगा घ्या, कमी दिसणारी मुलगी घ्या, फक्त फोन असलेला विद्यार्थी घ्या, ब्रेलवर वाचणारं कुणी घ्या. आणि त्यांना 'हे बटण वाचतंय का' असं न विचारता काम द्या, तिसरा धडा शोध, चाचणी दे, शंका विचार. मधे बोलू नका, मदत करू नका, कुठे थांबतात ते बघा.

फोनवर तर आवर्जून तपासा. टॉकबॅक चालू असताना उजवीकडे बोट सरकवलं की पुढच्या गोष्टीवर जातो आणि दोनदा टॅप केलं की ती उघडते. तुमच्या अॅपने बोट सरकवून धडा बदलायचा असं काही ठेवलं असेल तर ते टॉकबॅकमध्ये चालत नाही, त्याला बटण हवंच.

बोलकी_पाटी

पैसे देण्याचं नोंदवलं, ते बजेटमध्येच टाकते, नंतर बघू म्हणून ठेवणार नाही. वेगळ्या आवृत्तीचा विषय उद्याच्या मीटिंगमध्ये बंद करणार, समीकरणं मॅथजॅक्सने, चित्र टाकताना वर्णनाच्या तीन जागा. शेवटचा एक प्रश्न, आमच्या डिझाइनरने व्हिडिओसाठी कीबोर्ड शॉर्टकट ठेवलेत, के दाबला की थांबा, एफ दाबला की पूर्ण स्क्रीन, असे. कीबोर्डवाल्यांना सोपं जाईल म्हणून. चांगलं आहे ना?

टॅबवाला

हेतू चांगला आहे पण एका अक्षराचे शॉर्टकट धोक्याचे. एनव्हीडीएमध्ये के म्हणजे पुढची लिंक, एफ म्हणजे फॉर्मची पुढची जागा, त्यामुळे वाचनाच्या मोडमध्ये ते तुमच्या प्लेअरपर्यंत पोचतच नाहीत, आणि फोकस मोडमध्ये, म्हणजे टाइप करायच्या मोडमध्ये, असलो तर नकळत दाबले जाऊन भलतंच होतं. आवाजाने टाइप करणाऱ्यांना तर फारच त्रास. फोकस प्लेअरवर असेल तेव्हाच ते चालतील असं करा, किंवा बंद करायची आणि बदलायची सोय सेटिंगमध्ये द्या, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये हाच निकष आहे. आणि शॉर्टकट असले तरी प्रत्येक कामाला लेबल असलेलं बटण हवंच. पहिला धडा तयार झाला की इथे लिंक टाका, मी आणि अजून काही जण वापरून सविस्तर लिहू.

सहाबिंदू

मीही. गणिताचा धडा आधी टाका.